प्राचार्यांचं गहाण घर आणि खाशाबांचं पदक

स्पर्धा बाहेरगावी आहे, टीममध्ये नाव आहे, पण जायचा-यायचा खर्च कोण देणार? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत खेळणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. मग वर्गणी काढायची, सरांना गळ घालायची, घरी हळूच विषय काढायचा. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदकसुद्धा असंच आलंय. वर्गणीतून आणि उधारीतून!

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म 15 जानेवारी 1926, गाव कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान, त्यामुळे पहिले डाव घरातच शिकायला मिळाले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलची, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगाने काही धिप्पाड नव्हते, पण चपळाई अशी की समोरच्याला पकड बसायच्या आत डाव टाकून मोकळे.

1948 साली ते लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर कळलं की सगळंच वेगळं आहे. आपल्याकडे तांबड्या मातीचा हौदा, तिथे मॅट. नियम वेगळे, गुण मोजायची पद्धत वेगळी. तरीही फ्लायवेट गटात सहावे आले. दुसरा कुणी त्यावरच खूश झाला असता. खाशाबा मात्र परत आले ते पुढच्या चार वर्षांचा हिशेब डोक्यात ठेवूनच. सराव वाढवला आणि वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये उतरले.

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड मात्र सरळ झाली नाही. आपल्याला डावललं जातंय असं वाटल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, खाशाबांनी ती मारली आणि संघात जागा मिळवली.

आता पैसे. सरकारकडून मिळाले ते पुरेसे नव्हते. गावकऱ्यांनी, ओळखीच्या लोकांनी जमेल तसे दिले. तरी आकडा जुळेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि 7 हजार रुपये उभे केले. विचार करा, 1952 सालचे 7 हजार! पोरगं जिंकेल याची कसलीही गॅरंटी नसताना.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. कुस्ती लांबली, खाशाबांचा कस निघाला आणि ती हातची गेली. लगेच पुढची कुस्ती सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव्ह यांच्याशी. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. पुढे इशी यांना सुवर्ण, ममदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. तो अर्धा तास मिळाला असता तर? उत्तर कुणाकडेच नाही.

कराड स्टेशनवर मात्र शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेला मिरवणुकीने तासन्‌तास घेतले. हारतुरे झाले, सत्कार झाले. पण खाशाबांच्या डोक्यात प्राचार्यांचं घर होतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून ते घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी मात्र त्यांना खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात ते गेले. त्यांच्या पदकानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट 1996 मध्ये, लिएंडर पेसमुळे. म्हणजे 44 वर्षांनी! खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, 2000 सालचा. पद्म पुरस्कार तर आजपर्यंत नाहीच.

आज 15 जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी कॉलेजात खाशाबांच्या फोटोला हार घातला जाईल, तेव्हा खर्डीकर सरांचीही आठवण काढा. आणि वर्गातला एखादा खेळाडू स्पर्धेसाठी वर्गणी मागायला आला, तर शंभर-पन्नास देताना कुरकुर करू नका. कुणी सांगावं, पुढचं पदक त्यातूनच यायचं!