दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : ३१ जुलै, इ.स. १९०७, गोवा, मृत्यू : २९ जून, इ.स. १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृतचे अभ्यासक व इतिहासकार होते. बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील, तर समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी या त्यांच्या कन्या होत. त्यांची सर्वसामान्य ओळख इतिहासकार म्हणून आहे. तथापि जगभरच्या शोधनिबंधांत त्यांचे नाव सर्वाधिक येते ते आनुवंशिकीतील एका छोट्या सूत्रामुळे.

शिक्षण व अध्यापन

कोसंबींचे प्रारंभीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ साली ते वडिलांसमवेत अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली ते सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले व त्याच वर्षी भारतात परतले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात काही काळ शिकविल्यानंतर फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून १९३१ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. पुढे सुमारे बारा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले. होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. या काळात पुण्यात राहून ते दख्खनच्या राणीने मुंबईस ये-जा करीत.

गणितातील कार्य

१९३३ साली एका जर्मन नियतकालिकात त्यांचा पथ-अवकाशांच्या भूमितीवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच अंकात त्याला लागूनच एली कार्तां या श्रेष्ठ फ्रेंच गणितज्ञाने त्यावर टिपण लिहिले. पुढे शिंग-शेन चर्न यांनी या विषयात भर घातली. म्हणून हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत या नावाने ओळखला जातो. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

१९४३ साली जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये त्यांचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरील निबंध छापून आला. यादृच्छिक रीतीने बदलणारा एखादा संकेत परस्परांशी असंबद्ध अशा मूळ घटकांत कसा विभागता येईल, हे त्यात दाखविले होते. फिनलंडचे कारी कारहुनेन व फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी याच दशकात स्वतंत्रपणे हीच पद्धत मांडली आणि ती त्या दोघांच्याच नावे रूढ झाली. कोसंबींचा निबंध महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात आलेला असल्याने तो परदेशात फारसा वाचला गेला नाही. त्यामुळे पद्धतीचा वापर वाढत गेला, तरी त्या प्रमाणात मूळ निबंधाचा उल्लेख झाला नाही.

द्रवांच्या खळाळत्या प्रवाहाचा अभ्यास, प्रतिमांचे संक्षेपण व मेंदूच्या विद्युत लहरींचे विश्लेषण यांत ही पद्धत वापरली जाते. १९८७ साली लॉरेन्स सिरोविच व मायकेल कर्बी यांनी तिच्याच आधारे मानवी चेहऱ्याचे मोजक्या घटकांत वर्णन केले; संगणकाद्वारे चेहरा ओळखण्याच्या संशोधनाला त्यातून मोठी चालना मिळाली. अलीकडील लेखनात कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे पूर्ण नावही आढळते.

कोसंबी अंतरसूत्र

एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांतील अंतर त्यांच्या पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून काढतात. अंतर वाढले की दोन जनुकांदरम्यान गुणसूत्रांची एकाहून अधिक वेळा अदलाबदल होऊ शकते, आणि दोनदा झालेली अदलाबदल संततीत दिसून येत नाही. त्यामुळे या प्रमाणात दुरुस्ती करावी लागते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याची शक्यता सहसा घटते. अंतर वाढेल तसा हा अडथळा कमी होत जातो, असे गृहीत धरून कोसंबींनी नवे सूत्र मांडले. पुनःसंयोग २० टक्के असल्यास हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२.

अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्सच्या बाराव्या खंडातील हा निबंध अवघ्या चार पानांचा आहे. कोसंबींनी आनुवंशिकीत पुढे विशेष काम केले नाही. मात्र १९८० नंतर जनुकीय नकाशे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि हे सूत्र त्यांच्या संगणकप्रणालींत समाविष्ट झाले. मराठवाड्याच्या शेतांत घेतल्या जाणाऱ्या ज्वारी, तूर, हरभरा व कापूस या पिकांच्या नकाशांतही अंतरे बहुधा कोसंबी सूत्राने दिलेली असतात.

इतर विषयांतील लेखन

संख्याशास्त्राचा उपयोग त्यांनी प्राचीन आहत नाण्यांसाठी केला. वापरात नाणे झिजते व त्याचे वजन घटते. म्हणून नाणेसंचयातील वजनांवरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, असे त्यांनी दाखविले. भर्तृहरीच्या शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती (१९४८) व वि. वि. गोखले यांच्यासह विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाची आवृत्ती (१९५७) त्यांनी संपादित केली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजवंशांच्या कालगणनेऐवजी उत्पादनाची साधने व समाजसंबंध यांवर भर देणाऱ्या या ग्रंथाने प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवी दिशा दिली.

अखेरची वर्षे

१९५९ साली त्यांनी रीमान गृहीतकाची सिद्धता कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडली. ती सदोष ठरली व गणितज्ञांमधील त्यांच्या लौकिकास धक्का बसला. टाटा संस्था सोडल्यानंतर त्यांनी काही गणिती निबंध एस. डुक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. जागतिक शांतता चळवळीत त्यांचा सहभाग होता आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारतास अधिक योग्य आहे, असे ते आग्रहाने मांडत. १९६६ साली हृदयविकाराने पुण्यात त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो. रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला त्यांच्या निवडक गणिती निबंधांचा संग्रह २०१६ साली प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या नियतकालिकांतील अनेक निबंध त्यामुळे अभ्यासकांना एकत्र उपलब्ध झाले.