मागची चाकं, पुढची चाकं आणि एक जुगारी

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी गाडीवेडा असतोच. कँटीनमधला चहा संपेपर्यंत तो तुम्हाला पटवून देतो की खरी गाडी म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी फक्त भाजी आणायला. मग विषय वळतो बंद झालेल्या फास्ट सेडानकडे. ऑस्ट्रेलियात होल्डनची मागच्या चाकांवर पळणारी कमोडोर २०१७ मध्ये संपली. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जाणारी ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये थांबली आणि तिच्या आरएस अवताराचे फॅन बरेच दिवस सुतकात होते. खापर फुटतं एसयूव्हीवर, कंपनीचे हिशेब बघणाऱ्यांवर आणि हो, पुढच्या चाकांवर. (ऑक्टाव्हिया आरएस स्वतः पुढच्याच चाकांवर पळायची, हे कँटीनमध्ये कुणी आठवत नाही.)

या भांडणात मला आज एक माणूस आणून बसवायचाय. पुढची चाकं म्हणजे वेडेपणा वाटायचा त्या काळात त्यानं सगळी कंपनी त्यांच्यावर लावली. त्याच्याही फास्ट सेडानवर हिशेब बघणाऱ्यांनीच काट मारली. नाव आंद्रे सित्रोएन. हल्ली आपल्या रस्त्यांवर दोन उलट्या व्हींचा लोगो लावलेल्या गाड्या दिसतात ना, त्या त्याच्याच नावाच्या.

आंद्रेचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ चा, पॅरिसचा. वडील डच ज्यू, हिऱ्यांचे व्यापारी. आई मूळची पोलंडची. घराण्यात पूर्वी कुणीतरी ॲमस्टरडॅमला लिंबं विकायचं, त्यावरून आडनाव पडलं. डच भाषेत सित्रोएन म्हणजे लिंबूच. आंद्रे सहा वर्षांचा असताना वडिलांनी आयुष्य संपवलं. पाच भावंडांतला हा धाकटा. मुलगा ज्यूल व्हर्नच्या गोष्टी वाचत आणि पॅरिसमध्ये आयफेल टॉवर चढताना बघत मोठा झाला. हा टॉवर लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

एकोल पॉलिटेक्निक ही तिथली नावाजलेली संस्था, म्हणजे साधारण आपल्या आयआयटीसारखी. तिथून इंजिनीअर होऊन बाहेर पडायच्या सुमारास तो पोलंडला आईच्या माहेरच्यांकडे गेला. तिथं त्याला व्ही आकाराचे दात असलेली गिअरचाकं दिसली. साध्या दातांपेक्षा ती कमी आवाज करतात आणि जास्त भार घेतात. यानं पेटंट विकत घेतलं आणि पोलादात तेच दात कापायचा धंदा टाकला. लोगोतल्या त्या दोन खुणा म्हणजे हे दात. मग मोर्स नावाच्या आजारी मोटार कंपनीला त्यानं उभं केलं. अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना पाहिला. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या जाव्हेल घाटावर तोफगोळ्यांचा अवाढव्य कारखाना काही महिन्यांत उभारला. युद्ध संपलं, गोळे कुणाला नकोत. १९१९ मध्ये त्याच छपराखालून टाइप ए ही गाडी बाहेर पडली. त्या काळी बरेच कारखानदार नुसता सांगाडा विकायचे आणि बॉडी तुम्ही दुसऱ्याकडून बांधून घ्यायची. हिच्यात छप्पर, दिवे, स्टार्टर, स्टेपनी सगळं आलं. चावी घ्या, निघा.

मास कॉममध्ये आम्हाला ब्रँडिंगचे धडे देतात तेव्हा मला हाच माणूस आठवतो. १९२२ मध्ये त्यानं विमानाच्या धुरानं पॅरिसच्या आकाशात आपलं नाव लिहून घेतलं. फ्रान्सभर रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावल्या, प्रत्येकीवर आपलं नाव. मुलांसाठी खेळण्यातल्या सित्रोएन काढल्या, म्हणजे पोरगं बोलायला लागलं की हेच नाव घेईल. आणि १९२५ पासून तो आयफेल टॉवर! सुमारे अडीच लाख दिव्यांत त्याचं आडनाव टॉवरवर उभं झगमगायचं, १९३४ पर्यंत. १९३१ मध्ये त्याच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या बैरुतहून चीनकडे निघाल्या, काश्मीरमार्गे. श्रीनगरपुढे गिलगिटच्या वाटेवर रस्ता संपला की गाडी सुटी करून हमालांच्या पाठीवरून नेली गेली.

पैसा? तो पाण्यासारखा. दोव्हिलच्या कॅसिनोत तो रात्री मोठे डाव लावायचा आणि हरायचाही. धंद्यातही तीच सवय. मला वाटतं, ही सवय समजली तरच १९३३ साल समजतं.

आता थोडं तंत्र, कारण त्याशिवाय डाव कळणार नाही. माझ्या मामाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी होती. घरात मी सगळ्यात लहान, त्यामुळे मागच्या सीटवर मधोमध माझी जागा. पायाखाली हा मोठा उंचवटा. तो उंचवटा म्हणजेच रिअर-व्हील ड्राइव्ह. इंजिन पुढे, ताकद हवी मागच्या चाकांना, म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा जातो आणि त्यासाठी तळ वर उचलावा लागतो. पुढच्या चाकांना ताकद दिली की दांडा गेला, उंचवटा गेला. तळ सपाट होतो आणि गाडी जमिनीला चिकटून बसवता येते. शिवाय हातगाडी मागून ढकलतात, बैलगाडी पुढून ओढली जाते. निसरड्या वळणावर पुढून ओढली जाणारी गाडी सहसा सरळ राहते.

मग सगळेच असं का करत नव्हते? कारण पुढच्या चाकांना दोन कामं पडतात, वळायचंही आणि ओढायचंही. वळलेल्या चाकाला झटके न देता ताकद पोचवणारा सांधा बनवणं तेव्हा फार अवघड होतं. दुसरं म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. ताकद जास्त असेल तर ती जागच्या जागी घसरतात, स्टिअरिंग हातात ओढ घेतं. तुमचा कँटीनवाला मित्र इथं बरोबर आहे, त्याला हे मान्य करून टाका.

पुढच्या चाकांचा शोध आंद्रेचा नव्हे. अमेरिकेत कॉर्ड, जर्मनीत डीकेडब्ल्यू आणि ॲडलर आधीच रस्त्यावर होत्या. पण यानं ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं, आणि सोबत सगळंच नवं. वेगळ्या चासीऐवजी अख्खी पोलादी बॉडीच सांगाडा. हायड्रॉलिक ब्रेक. पुढे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणाऱ्या सळ्या. वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! मार्च १९३३ मध्ये आंद्रे लफेव्र हा इंजिनीअर कंपनीत आला. बाहेरचा आकार फ्लामिनियो बर्तोनी या शिल्पकारानं घडवला. त्याच वर्षी जाव्हेलचा कारखाना पाडून पाचेक महिन्यांत नवा बांधला, तोही गाड्या बनवणं न थांबवता. मंदीचे दिवस, कर्ज डोक्यापर्यंत. आणि गडी पार्टी देतोय, हजारो पाहुण्यांना.

एप्रिल १९३४ मध्ये गाडी लोकांसमोर आली. नाव त्राक्सियाँ आवाँ, फ्रेंचमध्ये याचा अर्थच पुढून ओढणारी. लफेव्र आल्यापासून जेमतेम तेरा महिने. एवढ्या घाईत जे व्हायचं तेच झालं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापून बंद पडायचा, म्हणून ऐन वेळी तो काढून तीन गिअरचा साधा बसवला. चाकांचे सांधे तुटायचे, पिळाच्या सळ्याही. पहिल्या गिऱ्हाइकांनी पैसे देऊन कंपनीसाठी टेस्टिंग केलं म्हणा ना.

असं असताना ऑक्टोबर १९३४ च्या पॅरिस मोटार शोमध्ये यानं काय आणलं माहितीये? बावीस. त्राक्सियाँची व्ही-८ सेडान. छोट्या ११ मॉडेलची दोन चार-सिलिंडर इंजिनं एकत्र केल्यासारखं इंजिन, ३.८ लिटर, सुमारे १०० हॉर्सपॉवर, वेग ताशी १४०. पहिल्या साध्या त्राक्सियाँची ताकद होती ३२. म्हणजे तिप्पट ताकद, आणि तीही पुढच्या चाकांना! हेडलाइट मडगार्डमध्येच बसवलेले. कॅटलॉग छापून तयार.

त्याच डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. सगळ्यात मोठं देणं टायरवाल्या मिशेलिनचं होतं, म्हणून कारभार त्यांच्याकडे गेला. पिएर मिशेलिन आणि पिएर-ज्यूल बुलांजे हिशेबाला बसले. माणसं कमी केली, खर्च कापले आणि यादीत बावीसवर काट मारली. खरं सांगू? मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. चार सिलिंडरची गाडी धड उभी राहत नसताना आठ सिलिंडरचे लाड कुणी करायचे? त्यांनी सांधे सुधारले, सळ्या सुधारल्या, आणि त्राक्सियाँ जगली.

आंद्रेच्या हातातून कंपनी गेली तेव्हा पोटाच्या कॅन्सरनं तो आधीच खचला होता. ३ जुलै १९३५ ला पॅरिसमध्ये तो गेला. वय ५७.

त्याच महिन्यात फ्रांस्वा लेको नावाच्या एका हॉटेलमालकानं त्राक्सियाँ काढली आणि वर्षभर, जवळपास रोज ११०० किलोमीटर चालवली. जुलै १९३६ मध्ये तो थांबला तेव्हा चार लाख किलोमीटर झाले होते. सांधे तुटतात म्हणून बदनाम झालेली हीच ती गाडी. हे बघायला आंद्रे नव्हता.

पुढे १९३८ मध्ये मिशेलिनच्या राज्यातच सहा सिलिंडरची १५-सिक्स आली आणि फ्रान्समध्ये तिला रस्त्याची राणी म्हणू लागले. पुढच्याच चाकांवर, बरं का. त्राक्सियाँ १९५७ पर्यंत बनत राहिली, साडेसात लाखांहून जास्त. १९५९ मध्ये इंग्लंडच्या मिनीनं इंजिन आडवं टाकून पुढच्या चाकांची गाडी आणखी छोटी आणि स्वस्त केली. आपल्याकडे कुर्ल्यात मागच्या चाकांची पद्मिनी बनत असताना डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आडव्या इंजिनाची, सपाट तळाची. मामानंही शेवटी तीच घेतली. मधली जागा माझीच राहिली, पण पाय ठेवायला जमीन मिळाली.

जाव्हेलचा कारखाना आता नाही. तिथं आंद्रे सित्रोएनच्या नावाची बाग आहे, १९९२ मध्ये उघडलेली. शोसाठी आणि चाचणीसाठी बनलेल्या मोजक्या बावीसांपैकी एकही पूर्ण गाडी आज शिल्लक नाही. फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या गोठ्यात, गवताखाली ती सापडेल म्हणून लोक अजून शोधतात.