बाबूरावांचा शेरा

सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक चहा आणि दुसरी, ज्याला आपले मत ऐकवता येईल असा सोबती. सोबती नसेल तर मत पोटात तसेच राहते आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बाहेर पडते. आमच्या बँकेत सोमवारी सकाळी पहिला तास याच कामात जायचा. रोखपालापासून शिपायापर्यंत प्रत्येकजण रविवारच्या चित्रपटाचा निकाल लावत असे आणि काउंटरवर ताटकळलेली गिऱ्हाईकेही तक्रार करण्याऐवजी आपले मत त्यात मिसळत असत. या मतांना काही किंमत नसते आणि म्हणूनच ती मजेत दिली-घेतली जातात. पण याच मतांना किंमत आली, त्यांच्यावर कुणाचे पैसे बुडू लागले किंवा कुणाचे नशीब उघडू लागले, तर काय होते? हे ज्याला पाहायचे असेल त्याने बाबूराव पटेल यांचे आयुष्य पाहावे.

बाबूरावांचा जन्म ४ एप्रिल १९०४ चा. गाव मासवण. सूर्या नदीकाठचे हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते नव्या पालघर जिल्ह्यात मोडते. घरचे आडनाव पाटील, पुढे ते पटेल झाले. वडील पांडुरंग पाटील हे वकिली सोडून राजकारणात शिरलेले गृहस्थ. मुलाचे मात्र शाळेत मन रमले नाही आणि शिक्षण अर्ध्यातच सुटले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे ज्या माणसाच्या इंग्रजीचे कॉलेजातले विद्यार्थी पाठांतर करणार होते, त्याच्याजवळ पदवीचा कागद नव्हता. भाषा त्याने वाचून आणि लिहून कमावली. कमावलेल्या पैशाचा माणसाला जसा थोडा माज असतो, तसा या कमावलेल्या भाषेचा माज बाबूरावांना शेवटपर्यंत होता.

विशीत ते मुंबईच्या सिनेमाधंद्यात शिरले. बोलपटाला अजून काही वर्षे अवकाश होता. ‘सिनेमा समाचार’ नावाच्या नियतकालिकात त्यांनी लेखणी चालवून पाहिली आणि मग थेट दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसले. १९२९ मध्ये त्यांचा ‘किस्मत’ हा मूकपट आला. या नावाशी पुन्हा आपली गाठ पडणार आहे. नंतर ‘महानंदा’, ‘बाला जोबन’ असे आणखी काही चित्रपट त्यांनी केले. आज त्यांची आठवण कुणी काढत नाही. दिग्दर्शक म्हणून ते तिथेच थांबले असते तर सिनेमाच्या इतिहासात तळटिपेपुरतेही उरले नसते.

पण १९३५ साली त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसच्या पार्कर यांची त्यात भागीदारी होती. त्या काळी सिनेमाबद्दल छापून येणारा मजकूर हा बहुधा निर्मात्याने पाठवलेला, गोड गोड असा असायचा. नटी सुंदर, नट रुबाबदार, गाणी श्रवणीय, प्रेक्षकांनी अवश्य लाभ घ्यावा. बाबूरावांनी हा रिवाज मोडला. चित्रपट वाईट असेल तर तो वाईट का आहे हे त्यांनी लिहिले. कथा कुठून उचलली, नायकाचे वय किती, नायिकेचे पोट किती सुटले आहे आणि निर्मात्याने खर्च कुठे वाचवला, हे सगळे लिहिले. सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर चारचौघे जसे बोलतात तसे, पण धारदार इंग्रजीत. पडद्यावरच्या देवदेवतांना असे कुणी जमिनीवर आणलेले वाचकांनी पाहिले नव्हते.

मासिक दिसायलाही देखणे होते. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराने रंगवलेली मुखपृष्ठे लोक जपून ठेवत. आतल्या चटकदार सदरांत बाबूरावांचा हात असेच, पण सर्वांत लोकप्रिय होते ते वाचकांच्या प्रश्नांना संपादकाने दिलेल्या उत्तरांचे सदर. अमुक नटीचे लग्न झाले आहे का, तमुक नटाला पगार किती, मला सिनेमात काम मिळेल का, असले प्रश्न गावोगावचे लोक पाठवत आणि बाबूराव त्यांची अशी काही उत्तरे देत की प्रश्न विचारणारा जन्मभर त्याची गंमत सांगत राही. हळूहळू लोक बायकोशी पटत नाही म्हणून आणि काँग्रेसचे काय चुकले म्हणूनही त्यांना विचारू लागले. बाबूरावांनी उत्तर द्यायला कधीच नकार दिला नाही. सगळ्याच विषयांत आपल्याला मत आहे, अशी ज्यांची खात्री असते अशा माणसांपैकी ते होते.

देव आनंद लाहोरला कॉलेजात होते तेव्हा तिथली मुले पुस्तकांबरोबर ‘फिल्मइंडिया’चा अंकही बगलेत घेऊन हिंडत, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. एका अंकावर नट वर चढतो आणि खाली उतरतो, असा त्या मासिकाचा दरारा होता. मासवणच्या अर्धशिक्षित पोराने लाहोरच्या कॉलेजकुमारांना सिनेमा कसा पाहावा हे शिकवावे, हे मला त्या काळातले एक मोठेच आश्चर्य वाटते.

या दराऱ्याचा चांगला उपयोगही झाला. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ हा ब्रिटिश चित्रपट मुंबईत लागला. सरहद्दीवरचे भारतीय म्हणजे कपटी आणि रानटी, आणि त्यांना माणसात आणणारे म्हणजे गोरे साहेब, असा त्याचा थाट होता. मुंबईत त्याविरुद्ध निदर्शने झाली आणि चित्रपट उतरवावा लागला. पाठोपाठ १९३९ मध्ये ‘गंगा दीन’ आला. असल्या चित्रपटांविरुद्ध बाबूरावांनी अंकामागून अंक लिहिले. परक्यांचे राज्य असताना, परक्यांच्याच भाषेत, परक्यांच्या चित्रपटांवर असे तुटून पडणे सोपे नव्हते. त्यांच्या शेऱ्यांमधला हा भाग मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३९ च्या अंकात, ख्वाजा अहमद अब्बास यांचे महात्मा गांधींना लिहिलेले अनावृत पत्र ‘फिल्मइंडिया’त आले. गांधीजींना सिनेमाचे वावडे होते. जुगार आणि शर्यतींच्या पंगतीत ते त्याला बसवत. तरुण अब्बासांनी अतिशय आदराने, पण ठामपणे त्यांच्याकडे या कलेसाठी रदबदली केली. गांधीजींशी सिनेमाविषयी वाद घालायला त्या काळात व्यासपीठ कुठले? ते बाबूरावांनी दिले. ज्या धंद्याची ते दरमहा सालटी काढत, त्याच धंद्यावर बाहेरच्या कुणी, अगदी महात्म्याने जरी बोट ठेवले, तरी ते पाठीशी उभे राहत. घरातल्या माणसाला घरात वाटेल तसे बोलणारा, पण शेजाऱ्याला तोंड उघडू न देणारा काका असतो ना, तसे.

चाळीसच्या दशकात बाबूराव शिखरावर होते आणि घसरणीची पहिली चिन्हेही याच काळात दिसतात. १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. अशोककुमार त्यात खिसेकापू झाले होते आणि प्रेक्षकाने त्या खिसेकापूवर प्रेम करावे अशीच सगळी रचना होती. बाबूराव संतापले. गुन्हेगाराला नायक केले तर तरुण पोरांनी काय शिकायचे, असा त्यांचा सवाल होता. लोकांनी तो ऐकून घेतला आणि तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला. स्वतःच्या ‘किस्मत’ला जे भाग्य लाभले नाही ते दुसऱ्याच्या ‘किस्मत’ला लाभलेले पाहून बाबूरावांना काय वाटले असेल, याची कल्पना करायला कादंबरीकार असण्याची गरज नाही.

आता सुशीलाराणींविषयी. कोकणी घरातली ही मुलगी उत्तम शिकलेली होती, गाणे तर फारच गंभीरपणे करणारी. मोगूबाई कुर्डीकरांकडे आणि सुंदराबाई जाधवांकडे तिने तालीम घेतली. बाबूराव तिच्या प्रेमात पडले आणि ती त्यांची तिसरी पत्नी झाली. इथवर हा दोघांचा खासगी मामला. पण बाबूरावांनी ठरवले की तिला नायिका करायचे, आणि चित्रपट आपणच दिग्दर्शित करायचा. १९४४ मध्ये ‘द्रौपदी’ आला, १९४६ मध्ये ‘ग्वालन’. दोन्ही पडले.

बँकेत नोकरीला लागताना जे पहिले धडे मिळतात त्यांत एक असा असतो, की ज्याने कर्जाचा अर्ज केला त्यानेच तो मंजूर करायचा नाही. कितीही सचोटीचा अधिकारी असला तरी नाही. नियम चोरासाठी केलेला नसतो, सज्जनासाठी केलेला असतो. कारण स्वतःच्या अर्जाकडे पाहताना सज्जनालाही चष्म्याचा नंबर सापडत नाही. बाबूरावांनी नेमके हेच केले. दहा वर्षे इतरांच्या चित्रपटांवर शेरे मारणाऱ्या माणसाने स्वतःचा चित्रपट काढला आणि स्वतःच्या मासिकातून त्याचा डंका वाजवला. ज्यांच्यावर त्यांनी आसूड ओढले होते ते सगळे निर्माते, दिग्दर्शक, नट बाल्कनीत मांडी ठोकून वाट पाहत असणार. ‘द्रौपदी’ कोसळल्यावर सिनेसृष्टीत किती जणांच्या घरी गोडधोड झाले असेल, कोण जाणे!

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ‘फिल्मइंडिया’ची पाने चित्रपटांच्या जाहिरातींनी भरलेली असत, मासिकाचा प्रपंच त्यांच्यावरच चालायचा. ज्याच्या जाहिरातीचे पैसे घेतले त्याचाच चित्रपट सोलून काढायला बाबूराव कचरत नसत. निर्माते चिडत, जाहिराती बंद करण्याच्या धमक्या देत आणि पुन्हा जाहिरात देत, कारण वाचक तिथे होता. हा हिशेब बाबूरावांना पक्का ठाऊक होता. त्यांच्या निर्भयपणात व्यवहारही होता आणि म्हणून तो टिकला. पण आवडीनिवडी होत्याच. प्रभात आणि व्ही. शांताराम यांच्याकडे त्यांचा प्रथमपासून ओढा. रागलोभ उघड असत, आणि ते रोज बदलतही असत.

सआदत हसन मंटो मुंबईत होता तेव्हा त्याने बाबूरावांसाठी ‘कारवाँ’ या उर्दू साप्ताहिकाचे काम पाहिले होते. पुढे पाकिस्तानात गेल्यावर त्याने बाबूरावांचे व्यक्तिचित्र लिहिले. मंटो कुणाला सोडणारा नव्हे. पण बाबूरावांच्या लेखणीचे त्याला मनापासून कौतुक होते. रांगडा दिसणारा, रांगडा बोलणारा हा माणूस कागदावर एवढा लखलखीत कसा, याचा त्याला अचंबा वाटे. आणि म्हणूनच फाळणीनंतर बाबूरावांच्या लिखाणात जे विष आले त्याचे मंटोला वाईट वाटले. ज्या मासिकाने मुसलमान नट, लेखक, गीतकार यांच्यावर वर्षानुवर्षे पाने खर्च केली, तेच आता त्यांच्या धर्माकडे बोट दाखवू लागले. चित्रपट बरा की वाईट, हा प्रश्न मागे पडला आणि माणूस कोण, कुठला, हा पुढे आला. या काळातले बाबूराव मला वाचवत नाहीत. वाक्यांची धार तीच आहे, पण ती भलत्याच ठिकाणी लागलेली.

मधूनमधून जुने बाबूराव डोके वर काढत. १९५७ मध्ये मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ आला तेव्हा त्यांनी त्याला या देशात निघालेला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवले आणि नर्गिसखेरीज ही भूमिका दुसऱ्या कुणाला पेलली नसती, असा निर्वाळा दिला. दिग्दर्शक मुसलमान, नायिका मुसलमान. आणि आदल्या-पुढल्या अंकांतला त्यांचा सगळा त्रागा बाजूला ठेवून, पडद्यासमोर बसलेला मासवणचा प्रेक्षक हरखून गेला. अंधारात बसल्यावर माणसाचे मत कुठून येते हे सांगणे कठीण आहे. कधीकधी ते त्याच्या मतांच्याही आड येते.

साठच्या सुमारास त्यांनी ‘मदर इंडिया’ याच नावाचे मासिक सुरू केले आणि १९६१ मध्ये ‘फिल्मइंडिया’ आटोपले. नव्या मासिकात सिनेमा मागच्या बाकावर गेला, राजकारण पुढे आले. सरकारवर टीका, काँग्रेसवर टीका, आणि प्रश्नोत्तरे होतीच. १९६७ मध्ये बाबूराव मध्य प्रदेशातल्या शाजापूर मतदारसंघातून जनसंघातर्फे लोकसभेवर निवडून आले. होमिओपॅथीचा नाद त्यांना होताच. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, औषधे दिली. नटनट्यांच्या दुखण्यांवर ज्याने आयुष्यभर बोट ठेवले तो आता लोकांना साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देत होता.

४ सप्टेंबर १९८२ रोजी ते गेले. ‘मदर इंडिया’ सुशीलाराणींनी पुढे काही काळ चालू ठेवले. या बाईंची वेगळी कथा लिहायला हवी. नवऱ्याच्या हट्टापायी दोन पडेल चित्रपटांची नायिका झालेल्या या स्त्रीने कायद्याचा अभ्यास केला, मासिकात टोपणनावाने लिहिले आणि गाणे कधी सोडले नाही. मुंबईत पाली हिलवर त्यांनी विद्यार्थी घडवले. २००२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्या ऐंशी ओलांडून पुढे गेल्या होत्या. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ भाटिया यांनी या पतिपत्नींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

‘फिल्मइंडिया’चे बरेच जुने अंक आता इंटरनेटवर कुणालाही फुकट चाळता येतात. त्यांत वर्णन केलेले कित्येक सुरुवातीचे बोलपट आज अस्तित्वात नाहीत. फिल्म जळाली, सडली किंवा चांदीसाठी विकली गेली. त्या चित्रपटांत काय होते, नायिका कशी दिसत होती, कुठल्या गाण्याला प्रेक्षक कंटाळले, हे आता फक्त बाबूरावांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या शेऱ्यांवरून कळते. चित्रपट संपले आणि मागच्या रांगेतल्या माणसाची बडबड तेवढी उरली. निर्मात्यांना हे आधी कळते तर त्यांनी अंकाची एखादी प्रत तरी जाळून टाकली असती.