टॉमस ब्रॅसी

फ्रान्समधील रूआं शहरापासून ल हाव्र बंदरापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे काम चालू होते. वाटेत बारांतँ गावाजवळ एक खोल दरी लागे. तिच्यावर सत्तावीस कमानींचा, शंभर फूट उंचीचा विटांचा पूल उभा राहिला. त्यावर खडी पसरून झाली आणि थोड्याच दिवसांत, १० जानेवारी १८४६ रोजी, पावसाच्या झडीत तो कोसळला. पन्नास हजार पौंडांचे काम विटांचा ढीग होऊन दरीत पडले.

या कामाचा प्रमुख कंत्राटदार होता टॉमस ब्रॅसी हा इंग्रज गृहस्थ. चुना त्याच भागातला वापरला पाहिजे, अशी करारात अट होती. दोष चुन्याचाच होता हे कधी सिद्ध झाले नाही. परंतु संशय त्याच्यावरच होता. त्या अटीकडे बोट दाखवून ब्रॅसीला न्यायालयात जाता आले असते. मग वाद लांबला असता आणि लोहमार्ग अडून राहिला असता. ब्रॅसीने तसे केले नाही. आपल्या पसंतीचा चुना आणवून त्याने सगळा पूल पदरच्या खर्चाने पुन्हा बांधला. १८४७ साली त्या मार्गावरून गाड्या धावू लागल्या.

आज एवढ्या मोठ्या कामाचा विमा उतरविला जातो. ब्रॅसीच्या काळी घराला आगीचा आणि जहाजाला बुडण्याचा विमा मिळे. पण अपुऱ्या बांधकामाचे सर्व धोके एकाच विमापत्रात घेण्याची रीत पडली ती १९२९ साली, लंडनच्या लॅम्बेथ पुलाच्या वेळी. तोवर कंत्राटदाराची तिजोरी हाच काय तो विमा!

ब्रॅसीचा जन्म १८०५ साली चेशर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी तो जमिनीची मोजणी करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. रेल्वेच्या पहिल्या कामासाठी त्याने भरलेला दर फार चढा ठरला व ते काम हातचे गेले. पुढे पेंक्रिजच्या पुलाचे काम मिळाले, आणि तेथून त्याची भरभराट झाली.

कंत्राटाच्या धंद्यात खरा शत्रू जमिनीखाली दडलेला असतो. माती समजून दर ठरवावा आणि चार हात खाली काळा खडक लागावा! ब्रॅसी आपली कामे लहान लहान पोटकंत्राटदारांना वाटून देई व दर स्वतःच ठरवी. मात्र कामावर फिरताना एखाद्याला खडक लागलेला दिसला, तर त्याचा दर तो तेथल्या तेथे वाढवून देई. गरीब पोटकंत्राटदार बुडाला तर काम अर्धवट राहील आणि नुकसान शेवटी आपल्याच दारी येईल, हे तो जाणून होता. अर्थात त्यात त्याच्या स्वभावातला चांगुलपणाही होताच.

तरी त्याचे सर्वच अंदाज बरोबर आले असे नाही. कॅनडातील ग्रँड ट्रंक रेल्वेच्या कामात मोबदल्याचा काही भाग रोख न घेता रोख्यांत व भागांत घेण्याचे त्याने व त्याच्या भागीदारांनी मान्य केले. ही चूक महागात पडली. रोख्यांचे भाव उतरले, मजुरी चढली, आणि कंत्राटदारांचे सुमारे दहा लाख पौंड बुडाले. काम मात्र त्यांनी पुरे केले.

सर्वांत कठीण वर्ष १८६६ चे. १० मे रोजी लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बुडाली. कर्ज मिळेना, रोखे कोणी घेईना. कॅनडातील कामात ब्रॅसीचा भागीदार असलेल्या पेटोचे दिवाळे निघाले. त्याच वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात लेंबर्ग ते चेर्नोव्हित्स हा ब्रॅसीचा लोहमार्ग अपुरा होता आणि तिकडे प्रशियाशी युद्ध पेटले होते. पगार थांबला असता तर मजूर पांगले असते, व मार्ग पुरा झाल्यावाचून गुंतलेले पैसे मोकळे होणार नव्हते. रेल्वेचा अधिकारी ओफेनहाइम याने एका इंजिनावर बसून सैन्यांच्या तळांमधून भरधाव पगाराची रक्कम पोहोचविली. सप्टेंबरात तो मार्ग खुला झाला आणि ब्रॅसी तरला.

८ डिसेंबर १८७० रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या शेवटच्या आजारात, एके काळी त्याच्या हाताखाली राबलेले मजूर त्याला पाहण्यासाठी दुरून येत. बारांतँचा दुसऱ्यांदा बांधलेला पूल अजून उभा आहे, आणि त्यावरून आगगाड्या जातात.