ईमेलची वाट पाडून देणारे जॉन पोस्टेल

सातबारा असो की विम्याची पावती, मोबाईलवर फोटो काढला, ईमेलला जोडला की काम झालं. पण एक काळ असा होता की ईमेलमधून फोटो जातच नव्हता. मराठीचं एक अक्षरही जात नव्हतं. ही अडचण सुटावी म्हणून सगळ्यात आधी ज्यांनी धडपड केली त्यांत जॉन पोस्टेल हे मोठं नाव. १६ ऑक्टोबर ही त्यांची पुण्यतिथी.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या अल्टाडेनाचा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असतानाच ते अर्पानेटच्या कामाला लागले. आजच्या इंटरनेटची सुरुवात तिथलीच. एका संगणकाने दुसऱ्याशी कसं बोलायचं याचे नियम लिहून ठेवले जात, त्यांना आरएफसी म्हणतात. १९६९ पासून हे कागद तपासायचे, नीट करायचे, नंबर देऊन जपायचे हे काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही. लांब दाढी, पायात सँडल, असा साधा माणूस.

१९८० मध्ये त्यांनी पत्रातून मजकुरासोबत चित्र आणि आवाजही पाठवायचा आराखडा लिहिला. प्रयोग झाले, पण त्यासाठी सगळी व्यवस्थाच नवी लागत होती. तो काही रुजला नाही. पोस्टेल हट्टाला पेटले नाहीत. १९८२ मध्ये त्यांनीच एसएमटीपी हा साधा नियम लिहिला. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं एवढंच जायचं. पण तो जगभर चालला.

पुढे १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' हा नियम आणला. त्यांनी जुनी वाट मोडली नाही. फोटोची साधी अक्षरं करायची, त्याच वाटेने पाठवायची आणि पलीकडे त्यांचा परत फोटो करायचा. मजकूर कोणत्या लिपीत आहे, हेही पत्राच्या माथ्यावर सांगायची सोय झाली. त्यामुळे पुढे मराठीलाही वाट मिळाली. माइमचे कागदही आरएफसी म्हणून पोस्टेल यांच्याच देखरेखीखाली निघाले.

१६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या आजाराने ते गेले. वय अवघं ५५. स्वतःचा मोठा बेत फसला, पण त्यांनी पाडलेल्या साध्या वाटेवरूनच दुसऱ्यांनी तो तडीस नेला. आज आपला फोटो त्याच वाटेने जातो.