पाण्याचा एक पेला

जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मे उजाडला की हंडाभर पाण्यासाठी बायकांना डोंगर उतरावा लागतो. त्यामुळे इथल्या मुलांना पाण्याच्या एका पेल्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. म्हणून त्यांना मी हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांची गोष्ट सांगते.

मखदूम साहेब आपल्याच कोकण किनाऱ्यावरचे. इ.स. १३७२ मध्ये माहीमला जन्मले. घराणं नवायत, म्हणजे अरबस्तानातून येऊन या किनाऱ्यावर वसलेलं. वडील शेख अहमद लवकर वारले. रिवायत अशी की इल्मसाठी दूर जायची त्यांना फार ओढ होती, पण वालिदा एकट्या पडतील म्हणून ते घरीच राहिले.

एका रात्री वालिदांनी पाणी मागितलं. मुलगा पेला भरून आणतो तोवर त्यांचा डोळा लागला. त्याने त्यांना उठवलं नाही आणि पेला ठेवून स्वतः झोपलाही नाही. हातात पेला धरून तो रात्रभर उशाशी उभा राहिला. फजरच्या सुमारास वालिदांना जाग आली, मुलाला तसाच उभा पाहिला आणि त्यांनी हात उचलून दुआ केली.

आपण सगळे ती दुआ लक्षात ठेवतो. त्याआधीची रात्र मात्र विसरतो. पाय भरून आले असतील, डोळे मिटत असतील, बघणारं कुणी नव्हतं. नफ्सशी खरी झुंज तिथे झाली.

हाच सब्र पुढे त्यांच्या कामात दिसतो. त्यांनी अरबीत कुरआन शरीफची तफसीर लिहिली, ‘तबसीरुर्रहमान’. एक आयत दुसरीशी कशी जोडलेली आहे, ते त्यात उलगडलं आहे. बिस्मिल्लाहचा अर्थसुद्धा प्रत्येक सूरहच्या विषयाला धरून वेगळा सांगितला आहे. घाईत होणारं हे काम नव्हे. गुजरातच्या सुलतानांच्या काळात ते माहीमचे काझीही होते. इ.स. १४३१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. आजही माहीमच्या उरुसात मुंबई पोलीस मानाने संदल आणतात.

मुलांसाठी आपण दुआ मागतो, मागायलाच हवी. पण रात्रभर उभं राहायची सवयही त्यांना लागू दे. सबक म्हणताना मूल अडलं की आपण लगेच पुढचा शब्द सांगून टाकतो. आज जरा थांबून बघा. त्याला आठवू द्या.