यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील मराठी सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीमधील लढाईत दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

जीवन

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढत होती.

शस्त्रे

घाडगे एका रायफल तुकडीचे नायक होते. त्या काळी अशा तुकडीतील बहुतेक जवानांकडे .३०३ ली-एनफिल्ड रायफल असे. तिच्या मॅगझीनमध्ये पाच-पाच गोळ्यांच्या दोन पट्ट्यांतून १० गोळ्या भरत. नळी साफ करण्याची दोरी व तेलाची बाटली दस्त्यातील कप्प्यात ठेवलेली असे. तुकडीच्या नायकाकडे जवळच्या लढाईसाठी टॉमीगन असे. तिच्या मॅगझीनमध्ये २० किंवा ३० गोळ्या मावत. चाप सलग दाबून धरल्यास ते तीन सेकंदांच्या आत रिकामे होई. त्यामुळे रिकामे मॅगझीन काढून भरलेले चटकन बसविणे हा या शस्त्राच्या वापरातील महत्त्वाचा भाग होता.

अखेरची लढाई

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा जोरदार मारा झाला. घाडगे वगळता सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा सैनिक निकामी केला आणि आणखी एकाला टॉमीगनने टिपले. दोन सैनिक अद्याप उरले होते आणि मॅगझीन बदलण्यास वेळ नव्हता. घाडगे यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि तिच्या प्रहारांनी त्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

सन्मान

इटलीतील कॅसिनो स्मारकावर घाडगे यांचे नाव कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटमधील नामदेव जाधव यांनाही १९४५ मधील इटलीतीलच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.